पहिला पॅच कोण तपासतं?

जीसीसी हा जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कंपायलरांपैकी एक. माणसानं सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा सूचनांमध्ये उतरवणं हे त्याचं काम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तो खुला आहे. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदललेला दुसऱ्याला द्यावा. या कोडमध्ये ‘मॅच डॉट पीडी’ नावाची काही हजार ओळींची एक फाइल आहे. तिच्या अगदी सुरुवातीला, कॉपीराइटच्या मजकुरापाशी, हे काम कुणी दिलं त्याची नोंद आहे. तिथं दोन नावं शेजारी शेजारी आहेत : रिचर्ड बीनर आणि प्रथमेश कुलकर्णी.

बीनर ‘सूसे’ या जर्मन कंपनीत काम करणारे, जीसीसीची धुरा वाहणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. कुलकर्णी २०१४ साली ‘गूगल समर ऑफ कोड’ या नवख्यांना खुल्या प्रकल्पांत काम देणाऱ्या उन्हाळी उपक्रमातून जीसीसीकडे आलेले विद्यार्थी. त्यांनी ज्या कामाला हात घातला ते समजून घेण्यासारखं आहे. कुठल्याही राशीत शून्य मिळवलं तर रास तशीच राहते, एकानं गुणलं तरी तशीच राहते. अशा नियमांनी आकडेमोड आधीच सोपी करून घेतली की तयार होणारा प्रोग्रॅम वेगानं चालतो. कंपायलरकडे असे शेकडो नियम असतात. जीसीसीत ते हातानं लिहिलेल्या सी कोडमध्ये विखुरलेले होते. त्यात आणखी गुंता असा, की जीसीसी प्रोग्रॅमची पोटात दोन वेगळी रूपं बाळगतो, त्यामुळे बरेच नियम दोनदा, दोन ठिकाणी लिहावे लागत. एकीकडे दुरुस्ती झाली की दुसरीकडे राहून जाई. उपाय असा ठरला की नियम एकाच सुटसुटीत मांडणीत एकदाच लिहायचे आणि त्यावरून दोन्ही रूपांसाठी लागणारा कोड एका छोट्या प्रोग्रॅमनं आपोआप तयार करायचा. त्या प्रोग्रॅमच्या फाइलवरही हीच दोन नावं आहेत. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ बरोबर हे सगळं जगभर गेलं. कुलकर्णी पुढे लिनारो या संस्थेत कंपायलरवरच काम करू लागले.

विद्यार्थ्याचं नाव इतक्या मोठ्या प्रकल्पात लागलं याचा अभिमान वाटतोच. पण मला त्याच्या शेजारचं नाव जास्त विचार करायला लावतं. आपला वेळ काढून एका नवख्या मुलाचा कोड ओळीओळीनं पाहणारा, ‘हे चालणार नाही, असं करून बघ’ असं सांगणारा आणि शेवटी त्याच्या नावाशेजारी स्वतःचं नाव ठेवणारा माणूस मिळाला नसता, तर कितीही हुशार विद्यार्थ्याचं काम त्या फाइलपर्यंत पोहोचलं नसतं. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तपासणाऱ्यांचा, आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे जेवढे म्हणून प्रयोग यशस्वी झाले, ते सगळे हा तुटवडा ओळखून रचलेले होते.

तपासणं म्हणजे नेमकं काय, हे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथं केलेल्या बदलाला पॅच म्हणतात. समजा एखाद्या विद्यार्थिनीनं एका ड्रायव्हरमधली छोटी चूक दुरुस्त केली. तिला आधी शीर्षकात सांगावं लागतं की बदल कर्नलच्या कुठल्या भागात आहे. खाली लिहायचं की आधी काय बिघडलेलं होतं आणि हा बदल का हवा. ‘काय केलं’ हे कोडमध्ये दिसतंच, ‘का केलं’ हे दिसत नाही, म्हणून वर्णनात ‘का’ लागतं. मग ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट चालवायची, ती मोकळ्या जागा, ओळींची मांडणी, राहून गेलेल्या गोष्टी दाखवते. एवढं करून पॅच पाठवला की बहुतेक वेळा तो परत येतो. चूक बरोबर ओळखलीस, पण दोन वेगळे बदल एकाच पॅचमध्ये आहेत, वेगळे कर. दुसरी आवृत्ती पाठवायची, पहिलीपेक्षा त्यात काय बदललं ते नोंदवायचं. कधी तिसरी, कधी पाचवी. शेवटी पॅच घेतला गेला की त्याच्याखाली नावांची एक उतरंड कायमची राहते : कुणी लिहिला, कुणी चूक कळवली, कुणी चालवून पाहिला, कुणी तपासला. ‘रिव्ह्यूड बाय’ या शब्दांपुढे ज्याचं नाव, त्यानं हा बदल नीट वाचून त्याची ग्वाही दिलेली असते. लिहिणाऱ्याचं श्रेय आणि तपासणाऱ्याची जबाबदारी एकाच ठिकाणी नोंदवणारी ही पद्धत मला आजच्या शिक्षणातली एक मोठी गोष्ट वाटते.

आता छत्रपती संभाजीनगरकडे येऊ. शहरात इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. स्टेशन रोडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचं, सिडकोतलं जेएनईसी १९८२ सालचं, विद्यापीठ तर १९५८ पासूनचं. त्याशिवाय देवगिरी, एमआयटी आणि आणखी कितीतरी कॉलेजं. लातूर, बीड, जालना, परभणी, हिंगोलीची मुलं इथं येऊन खोल्या घेऊन राहतात. हातात लॅपटॉप आहे, नेट आहे, व्हिडिओ पाहून भाषा शिकलेली आहे. पदवीनंतर बहुतेकांची पावलं पुण्याकडे वळतात, कारण सॉफ्टवेअरच्या कंपन्या तिकडे. या मुलांकडे कशाची कमतरता आहे? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात लिहिलेला त्यांचा पहिला खराखुरा कोड वाचणारं अनुभवी माणूस त्यांच्या आसपास नसतं. पुण्याच्या मुलाला ते एखाद्या कंपनीतल्या दादाच्या किंवा ताईच्या रूपात, एखाद्या शनिवारच्या भेटीत सापडू शकतं. इथल्या मुलाला ते मुद्दाम शोधावं लागतं.

तसं पाहिलं तर या शहराला अशा शिकण्याची ओळख फार जुनी आहे. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथला प्रशिक्षणार्थी साचे आणि डाय बनवायला शिकतो ते प्रत्यक्ष यंत्रावर, मायक्रोमीटरनं मोजून. मोजमाप चुकलं तर तुकडा परत. नवशिका कोड आणि नवशिका साचा या दोघांनाही तपासणीतून जावं लागतं, आणि शिकणं त्या परत येण्यातच होतं. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना कुशल हात मिळाले ते अशाच तपासणीतून. सॉफ्टवेअरला ती व्यवस्था इथं अजून उभी राहायची आहे.

ती उभी कशी राहू शकते याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प चालतो. शिक्षणात महागड्या परवान्यांच्या सॉफ्टवेअरऐवजी मुक्त सॉफ्टवेअर रुजवणं हा त्याचा हेतू, आणि केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशननं त्याला पैसा पुरवला. प्रा. कन्नन मौदगल्य आणि प्रा. प्रभू रामचंद्रन ही त्यातली ठळक नावं. सायलॅब हे गणिती आकडेमोडीचं मुक्त सॉफ्टवेअर, मूळ फ्रान्समधलं. ते कॉलेजात वापरायचं तर विद्यार्थ्यांच्या पुस्तकांना जुळणारी उदाहरणं हवीत. ती कोण लिहिणार? फॉसीनं हे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवलं. नियंत्रण प्रणालीचं, ऊष्मागतिकीचं, इलेक्ट्रॉनिक्सचं, असं अभ्यासक्रमातलं एक प्रमाण पुस्तक निवडायचं आणि त्यातल्या सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणासाठी सायलॅबमध्ये कोड लिहायचा. याला ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ म्हणतात. पुढे पायथनसाठीही असंच काम झालं.

या कल्पनेतली हुशारी कामाच्या आकारात आहे. पुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर पुस्तकातच छापलेलं असतं. कोड चालवला, उत्तर जुळलं की पहिली तपासणी झाली. जुळलं नाही तर चूक कोडमध्ये आहे की पुस्तकात, हे शोधायचं, आणि पुस्तकातल्या चुका अशाच सापडतात. प्रत्येक तुकडा छोटा, प्रत्येकाचा निकाल स्पष्ट, त्यामुळे तपासणाऱ्याचा वेळ कमी जातो आणि एका माणसाला बऱ्याच जणांचं काम पाहता येतं. मोठ्या प्रकल्पात विद्यार्थ्याला थेट ढकलण्याऐवजी असं माप घेऊन कापलेलं काम द्यावं, हे मला फॉसीकडून शिकण्यासारखं वाटतं. तयार झालेल्या प्रत्येक कम्पॅनियनच्या पहिल्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव असतं, खाली कुणी तयार केलं त्या विद्यार्थ्याचं नाव आणि कॉलेज, मग कॉलेजातल्या शिक्षकाचं नाव आणि मग ‘क्रॉस चेक्ड बाय’, म्हणजे ज्यानं ताडून पाहिलं त्याचं नाव. जीसीसीच्या फाइलमध्ये जे दिसलं तेच इथं, एका साध्या पीडीएफच्या पानावर.

मौदगल्य यांच्याच पुढाकारानं सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची एक पायरी तर मला फारच मोलाची वाटते. साधारण दहा मिनिटांचे हे दृक्-श्राव्य पाठ, शिकणाऱ्यानं एकीकडे पाठ पाहत दुसरीकडे स्वतः करून बघायचं अशी रचना. मराठीतही त्यांतले बरेच आहेत. पाठाची संहिता लिहून झाली की विषयातला जाणकार ती तपासतो, हे तर अपेक्षितच. पण त्याखेरीज ती एका नवख्याकडे जाते. त्या विषयातलं काहीही न येणाऱ्या माणसानं संहिता वाचून तसंच्या तसं करून पाहायचं आणि कुठं अडलं ते सांगायचं. नवखा अडला तर दोष संहितेचा धरतात. जाणकाराला न दिसणारी उणीव नवख्यालाच दिसते, कारण जाणकाराच्या मनात ती गाळलेली पायरी आपोआप भरली जाते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तपासणारा होता येतं, हे या पायरीनं दाखवून दिलं. ज्याला कोड लिहायची अजून भीती वाटते त्यानं सुरुवात इथून करावी : एखाद्या प्रकल्पाच्या ‘इन्स्टॉल कसं करावं’ या सूचना कोऱ्या मशीनवर अक्षरशः पाळून बघाव्यात आणि जिथं अडेल ते नीट लिहून कळवावं.

जीसीसीसारख्या अवाढव्य कोडमध्ये विद्यार्थ्यानं शिरायचं कसं, हा प्रश्न आयआयटी मुंबईतल्याच प्रा. उदय खेडकर यांनी हाती घेतला. त्यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं कार्यशाळा घेतल्या, त्यातला एक भाग होता कोड न उघडता कंपायलरचा ठाव घेण्याचा. दहा ओळींचा एक सी प्रोग्रॅम घ्यायचा आणि जीसीसीला सांगायचं की प्रत्येक टप्प्यानंतर तुझ्या पोटात या प्रोग्रॅमचं रूप काय झालं ते फाइलमध्ये काढून दे. मग एकेक फाइल पुढे ठेवून फरक शोधायचा. कुठं लूप मोडला, कुठं चल नाहीसा झाला, कुठं शून्याची बेरीज गळून पडली. लाखो ओळींचा कोड वाचायला बसण्याआधी तो काय करतो हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की वाचणं सुसह्य होतं. ही रीत कंपायलरपुरती नाही. नव्या मुलानं कुठल्याही प्रकल्पात आधी तो चालवावा, मोडून बघावा, त्याच्या नोंदी वाचाव्यात, आणि मग कोडकडे वळावं.

पैसा आणि मोठी संस्था नसतानाही हे जमतं का? जमतं. कुशल दास यांनी पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला लिनक्स वापरणाऱ्यांचा एक गट सुरू केला. पुढे ते पुण्यात रेड हॅटमध्ये काम करत होते आणि त्या काळातही २००८ पासूनचं या गटाचं उन्हाळी प्रशिक्षण चालू राहिलं. सगळं आयआरसीवर, म्हणजे निव्वळ अक्षरांच्या गप्पांवर. व्हिडिओ नाही, आवाज नाही, त्यामुळे मंद नेटवरही गावाकडचा मुलगा वर्गात बसू शकतो. वर्गाचे नियम कडक. आधी हजेरी. प्रश्न असेल तर फक्त उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि थांबायचं. रांग एक बॉट सांभाळतो, आपली पाळी आली की प्रश्न विचारायचा. शिकवताना मध्ये बोलायचं नाही. झालेल्या वर्गाचा मजकूर सर्वांसाठी जपून ठेवायचा. सुरुवातीचे धडे कोडचे नसतात. प्रश्न कसा विचारावा, काय करून पाहिलं ते कसं सांगावं, त्रुटीचा संदेश पूर्ण कसा द्यावा, दुसऱ्याचा वेळ कसा राखावा, असे असतात. शक्ती कन्नन यांचं याच विषयावरचं छोटेखानी पुस्तक आहे, त्याचं शीर्षकच मुळी विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या पत्राचं आहे : ‘आय वॉन्ट टू डू प्रोजेक्ट. टेल मी व्हॉट टू डू’. असं पत्र रोज येणाऱ्या माणसाला उत्तर देणं का जमत नाही, हे त्या शीर्षकावरून कळतं. ‘मी हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं, मराठी फाइल उघडली, अमुक ठिकाणी अमुक दिसलं, मला तमुक अपेक्षित होतं’ एवढ्या चार वाक्यांना मात्र उत्तर मिळतंच मिळतं.

तपासणाऱ्यांचा वेळ राखला नाही तर काय होतं, याचं उदाहरण ताजं आहे आणि आपल्या देशाशी त्याचा जवळचा संबंध आहे, म्हणून ते टाळता येणार नाही. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. ठरलेल्या संख्येइतक्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे खुल्या प्रकल्पांना ‘आमचा बदल घ्या’ अशा विनंत्या, केल्या की टी-शर्ट मिळे. २०२० च्या ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच हजारो प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर आला. कुणी रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घातलं, कुणी एक मोकळी जागा वाढवली. त्यातला बराच भाग भारतातून, एका लोकप्रिय व्हिडिओत दाखवलेली कृती जशीच्या तशी करून आलेला होता. आयोजकांना घाईनं नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः होऊन तयार असतील त्यांचेच बदल मोजायचे असं ठरवावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पावर पुन्हा तेच : रीडमीत आपलं नाव जोडणाऱ्या पुल रिक्वेस्टच्या रांगा. या मुलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना सुरुवात करायची होती आणि त्यांना चुकीची सुरुवात शिकवली गेली. पण पलीकडे बसलेल्या, फुकट काम करणाऱ्या माणसाचे कित्येक तास त्यात गेले, आणि पुढच्या वेळी खरंच चांगला पॅच घेऊन येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याकडे तो माणूस जरा सावधपणे पाहणार. शिक्षकांनी आणि यूट्यूबवर शिकवणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवं.

थकलेला तपासनीस हा साऱ्या जगाला धोका असतो. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारं छोटं सॉफ्टवेअर बरीच वर्षं लासे कॉलिन हे जवळपास एकट्यानं सांभाळत होते. ‘जिया टॅन’ हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोन वर्षं चांगले पॅच देत विश्वास कमावला, सहदेखभालीचे अधिकार मिळवले आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना दूरच्या मशीनवर लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला, त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते उघडकीला आणलं. जगभरातले असंख्य सर्व्हर वाचले. कॉलिन यांच्या शेजारी आणखी दोन-तीन भरवशाचे डोळे असते तर हे इतकं पुढे गेलंच नसतं. नवी माणसं तयार करणं हे उपकाराचं काम नाही, ती प्रकल्पाची गरज आहे.

‘गूगल समर ऑफ कोड’नं या गरजेला पैशाची जोड दिली. २००५ साली पहिल्या उन्हाळ्यात सुमारे ४० संस्था आणि ४०० विद्यार्थी होते, आज एकूण सहभागी २० हजारांच्या पुढे गेले आहेत. मानधन सहभागीला मिळतं आणि ते देशादेशानुसार बदलतं. सुरुवातीचे काही आठवडे फक्त ओळख करून घेण्याचे असतात, कोडची घाई नसते. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट निघाली, १८ वर्षं पूर्ण झालेला कुणीही नवखा अर्ज करू शकतो. निवडीत खरा निकष असतो तो अर्जाआधी तुम्ही त्या प्रकल्पात काय केलंत हा. सुंदर प्रस्तावापेक्षा स्वीकारलेले दोन छोटे पॅच जास्त बोलतात. २००६ साली ग्नोम या प्रकल्पाकडे समर ऑफ कोडसाठी १८१ अर्ज आले आणि त्यात एकही स्त्री नव्हती. त्या धक्क्यातून ग्नोमनं स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम सुरू केला, तो वाढत ‘आउटरीची’ झाला. तिथं अर्जाच्या काळातच मार्गदर्शकाबरोबर काम करून दाखवायचं असतं, म्हणजे निवड झाली नाही तरी तपासणीचा पहिला अनुभव पदरात पडतो. मराठवाड्यातल्या मुलींना मी आधी आउटरीचीकडे पाहायला सांगेन.

या सगळ्यात मला संभाजीनगरसाठी सर्वांत जवळचं उदाहरण श्रीलंकेचं वाटतं. समर ऑफ कोडच्या पहिल्या दहा वर्षांत जगातल्या कुठल्या विद्यापीठातून सर्वांत जास्त विद्यार्थी निवडले गेले? अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित विद्यापीठातून नव्हे, कोलंबोच्या उपनगरातल्या मोरातुवा विद्यापीठातून. त्यामागे काही वर्षांची मशागत होती. संजीव वीरवर्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांना अपाची संस्थेच्या प्रकल्पांत उतरवलं होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथल्या स्वयंसेवकांनी काही आठवड्यांत ‘सहाना’ हे मदतकार्याचं सॉफ्टवेअर उभं केलं, ते पुढे इतर देशांतल्या आपत्तींतही वापरलं गेलं. एकदा काही मुलं निवडली गेली की पुढच्या वर्षीच्या मुलांचे अर्ज वाचायला, त्यांचा पहिला पॅच पाठवण्याआधी बघायला सिनिअर घरातच होते. सिनिअर जगाच्या तपासणीतून गेलेले, म्हणून ते ज्युनिअरला तपासू शकत होते. भूगोल आड आला नाही.

इथल्या मुलांनी कुठून सुरुवात करावी, याचं एक उत्तर आपल्या लिपीत आहे. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठवता येतो. एक रीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून, दुसरी साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द. त्यामुळे एका रीतीनं टाइप केलेला शब्द दुसऱ्या रीतीनं शोधला तर सापडत नाही. काही फाँटमध्ये एक रीत नीट दिसते, दुसरी तुटते. वर्णक्रमानं लावलेली यादी चुकते, शुद्धलेखन तपासणारा बिनचूक शब्दाखाली लाल रेघ ओढतो. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, फाँट, कीबोर्ड, शोधयंत्रणा, जिथं म्हणून मराठी मजकूर आहे तिथं अशा अडचणी आहेत. न्यूरेंबर्गच्या किंवा बोस्टनच्या मार्गदर्शकाला त्या दिसूच शकत नाहीत. विद्यार्थी तिथं प्रकल्पाला अशी माहिती देतो जी इतर कुणाकडे नाही, आणि बदल्यात त्याला तपासणारा मिळतो. ही देवाणघेवाण समसमान असल्यामुळे टिकते. भाषेचं काम म्हणजे दुय्यम काम, हा समज मला अजिबात मान्य नाही. चांगला फाँट बग शोधायला युनिकोड, रेंडरिंग इंजिन आणि चाचण्या लिहिणं हे सगळं शिकावं लागतं.

आपल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टवरही गाइडचं नाव असतं. पण त्या नावामागे किती वाचन झालं, कुठल्या आवृत्तीत काय सुधारलं, याची नोंद कुठंच राहत नाही. सबमिशन, व्हायवा, मार्क, आणि रिपोर्ट कपाटात. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. तासिका, परीक्षेचं काम, मान्यतेची कागदपत्रं यांत त्यांचा दिवस संपतो, आणि कोड वाचण्यात घालवलेला तास त्यांच्या कामाच्या तक्त्यात मोजलाच जात नाही. जे मोजलं जात नाही ते हळूहळू बंद पडतं.

म्हणून शहरातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. प्रोजेक्टचे गुण देताना बाहेरच्या एखाद्या खुल्या प्रकल्पानं स्वीकारलेला छोटासा पॅचही ग्राह्य धरा, आणि परत आलेल्या पॅचवरचा संवादही पाहा, कारण शिकल्याचा खरा पुरावा तिथं असतो. आठवड्याचे दोन तास कोड तपासण्यासाठी शिक्षकांच्या वेळापत्रकात अधिकृतपणे ठेवा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं काम तपासावं आणि त्या तपासणीलाही गुण मिळावेत. पुण्यात, बंगळुरूत, परदेशात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे संमेलनाच्या देणगीऐवजी महिन्याचे दोन तास मागा, आणि ते काय तपासतील ते आधीच मापात कापून त्यांच्यापुढे ठेवा. याला नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. येत्या सत्रापासून एका वर्गात, दहा मुलांपासून हे सुरू करता येईल.